जयवंतरावांचं विरजण

सकाळी हर्षदाबाईंनी पातेलीवरचं झाकण काढलं. दही लागलंच नव्हतं. वर पिवळट पाणी, खाली फाटलेल्या दुधाचा चोथा आणि नाकात शिरणारा कसलासा ओशट वास. त्यांनी चमचा घालून पाहिला, पातेली हलवून पाहिली, पुन्हा झाकून थोडा वेळ उन्हाला ठेवून पाहिली. काही उपयोग नाही. गेलं ते गेलंच.

आता तुम्ही म्हणाल, एक दिवस दही नाही लागलं तर एवढा कसला घोर? थंडीच्या दिवसांत कुणाचं बिघडत नाही? खरंय. पण हे दही हर्षदाबाईंचं नव्हतंच मुळी. ते जयवंतरावांचं होतं, आणि जयवंतराव गेल्या उन्हाळ्यातच हे जग सोडून गेले होते.

हर्षदाबाई ओट्यावरचं एकेक भांडं हुंगत सुटल्या. कालच्या वाटीला, परवाच्या चमच्याला, फ्रीजच्या कोपऱ्यातल्या एखाद्या डबीला चिकटलेलं थोडंसं जुनं दही मिळालं असतं तरी भागलं असतं. पण मिळणार कुठून? उभा जन्म मिरजेच्या दवाखान्यात सिस्टर म्हणून गेलेला. घरातलं प्रत्येक भांडं उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. दुकानातून विरजणाची नवी पुडी आली की आधी पातेली उकळायची, मग विरजायचं. जयवंतराव म्हणायचे, "हिला मोठं पातेलं मिळालं असतं ना, तर हिनं मलाही उकळून घेतलं असतं."

त्या सवयीचा आज पहिल्यांदाच हर्षदाबाईंना राग आला. त्यांनी चोथ्याचं पातेलं तसंच दुकानानं दिलेल्या डब्यात ओतलं, साडी बदलली आणि 'भरभराट'ची वाट धरली.

'भरभराट' म्हणजे गावातलं सगळ्यात मोठं सुपरमार्केट, आणि 'ज्याचं त्याचं दही' ही त्यांचीच देणगी. त्यामागचं शास्त्र आता शाळेतल्या पोरांनाही पाठ झालं होतं. आपल्या प्रत्येकाच्या पोटात जिवाणूंची एक वस्ती असते. माणसागणिक तोंडवळा वेगळा, तशी ही वस्तीही वेगळी. हे जिवाणू नुसतं अन्न पचवून थांबत नाहीत. ते जी रसायनं तयार करतात ती रक्तातून, मज्जातंतूंतून थेट डोक्यापर्यंत पोचतात. भूक कशाची लागावी, झोप कधी यावी, सकाळी उठल्यावर चिडचिड व्हावी की गाणं सुचावं, ह्यात त्यांचा हात असतो. मोठं आजारपण आलं, औषधांचा मारा झाला की ही वस्ती उजाड होते, आणि माणूस बरा होऊनही बरा होत नाही.

'भरभराट'वाले काय करायचे, तर गिऱ्हाइकाच्या पोटातला नमुना घ्यायचे, त्यातले दुधात वाढू शकणारे गुणी जिवाणू निवडायचे, त्यांचं मूळ विरजण आपल्या शीतगृहात जपून ठेवायचे आणि दर आठवड्याला त्याची एक पुडी गिऱ्हाइकाला द्यायचे. त्या पुडीनं घरच्या दुधाला विरजण लावायचं. म्हणजे तुमच्याच पोटातली हरवलेली माणसं तुमच्याच वाटीतून परत घरी. जयवंतरावांच्या पोटाचं ऑपरेशन झालं, महिनोन् महिने त्यांना अन्न गोड लागेना, तेव्हा डॉक्टरांनी हेच दही सुचवलं. आणि काय सांगावं, माणूस पालवला! पुढे काही वर्षं चांगली हसतखेळत गेली.

मात्र ह्या जिवाणूंना कंपनीनं एक कुलूप घातलेलं होतं. पुडीत एक खास घटक मिसळलेला असे. तो मिळाला तरच ते धड वाढत. नुसत्या दुधावर तीन-चारदा विरजलं की थकत, आणि दूध दूधच राही. कंपनी म्हणे, ही सुरक्षितता. एकाच्या पोटातले जिवाणू दुसऱ्याच्या पोटात भटकायला नकोत. लोक म्हणत, हा धंदा. दर आठवड्याला पुडीसाठी दुकानात जायलाच हवं. दोन्ही खरं होतं. पुडीसोबत मिळणाऱ्या, खातेदाराच्या नावाच्या डब्यावर लाल अक्षरांत छापलेलं असे: हे दही फक्त खातेदारासाठी. विरजण कुणालाही देऊ नये.

जयवंतरावांना हे वाक्य जन्मात कळलं नाही. माणूस एस.टी. स्टँडवर कंट्रोलर. दिवसभर माइकवरून गाड्या पुकारायच्या, चुकलेल्या म्हाताऱ्यांना हाताला धरून गाडीत बसवायचं, कुणाच्या तान्ह्या पोराला दूध मिळवून द्यायचं. निवृत्त झाल्यावर स्टँड गेला आणि त्याच्या जागी 'कृष्णाई' इमारतीचा जिना आला. सकाळ-संध्याकाळ हा माणूस जिन्यात, अख्ख्या इमारतीचा 'भाऊ'. विरजण मागायला आलेल्याला नाही म्हणायचं, हे त्यांच्या डोक्यातच शिरत नसे.

"अहो, डब्यावर काय लिहिलंय ते वाचा जरा!" हर्षदाबाईंनी त्यांना एकदा वाटी घेऊन खाली निघताना रंगेहाथ पकडलं होतं.

"डब्यावर लिहिणाऱ्याला आपला जिना ठाऊक आहे का?" जयवंतराव म्हणाले.

"उद्या कुणाचं पोट बिघडलं तर? मी सिस्टर होते, मला कळतं. हे औषध आहे, प्रसाद नाही वाटत सुटायला."

त्या दिवशी त्या इतक्या चिडल्या, की जयवंतरावांनी दोन्ही कान पकडले. पुन्हा देणार नाही म्हणाले. कानाला खडा. आणि खरंच, त्यानंतर हर्षदाबाईंना ते वाटी घेऊन जाताना कधी दिसले नाहीत.

ते गेले त्या आठवड्यातली पुडी ओट्यावर तशीच पडून होती. टाकवेना म्हणून हर्षदाबाईंनी ती विरजली, आणि टाकवेना म्हणूनच ते दही खाल्लं. मग पुढच्या आठवड्यात दुकानात डबा दाखवून नवी पुडी आणली. मग त्याच्या पुढच्या. आणि एक दिवस दुपारची चहाची वेळ झाली आणि हर्षदाबाईंना चक्क भडंग खावंसं वाटलं. भडंग! आयुष्यभर ज्या माणसाला "काय ते कुडुमकुडुम, कान किटले" म्हणून खोलीबाहेर काढलं, त्याचं भडंग! त्या कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या, पुडा आणला आणि गॅलरीत त्यांच्या खुर्चीत बसून अख्खा संपवला. दुपारी कधी न झोपणाऱ्या बाईला डुलक्या लागू लागल्या. जिवाणूंचा प्रताप म्हणा, नाहीतर आठवणीचा. हर्षदाबाईंना ह्या दोहोंतला फरक शोधायचाच नव्हता. मूलबाळ नव्हतं. घरात जिवंत असं जयवंतरावांचं एवढंच उरलं होतं, रोज सकाळी वाटीत थरथरणारं.

फक्त एक चूक त्या करत होत्या, आणि ती त्यांना पक्की ठाऊक होती. खातेदार गेला की दुकानाला कळवायचं, खातं बंद करायचं आणि त्याचं मूळ विरजण नष्ट करायचं, असा कायदा होता. जिवाणूंवरून माणसाच्या आजारांची कुंडली मांडता येते, आणि गेलेल्या माणसाला नको म्हणता येत नाही, म्हणून. नियमावर बोट ठेवून जगलेल्या ह्या बाईनं तो एकच नियम मोडला होता. त्यांनी कळवलंच नव्हतं.

दुकानातल्या तक्रारीच्या खिडकीशी ही गर्दी! तिथं माणूस नव्हता, यंत्र होतं. हर्षदाबाईंचा नंबर आला, त्यांनी डबा काचेवर ठेवला, आणि यंत्र लाडिक आवाजात बोललं, "नमस्कार जयवंतजी! आज कसं वाटतंय?"

हर्षदाबाईंनी डबा काचेवरून अर्धा मागे ओढला. मागची बाई म्हणाली, "बोला की हो लवकर."

"दही बिघडलंय," त्या म्हणाल्या.

यंत्रानं चोथ्याचा थेंब ओढून घेतला. वस्तू सदोष आहे हे मान्य. कंपनी दिलगीर आहे. पुडीचे पैसे परत. चालेल? हर्षदाबाईंनी 'नाही' दाबलं. वर्षभर तूप मोफत. नाही. तुपासोबत एक कुकर. नाही. कुकर, तूप आणि दिवाळीच्या फराळाची टोपली. नाही, नाही, नाही! यंत्र बिचारं गोंधळलं. एवढी भरपाई नाकारणारं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नव्हतं. मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली, आणि आतून एक तरुण मुलगी लगबगीनं बाहेर आली. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, सायमा मुजावर. तक्रार विभागाची प्रमुख. दुग्धशास्त्र शिकलेली, गावातलीच पोर.

"या काकू, आत बसा की. पाणी घ्या. काय पाहिजे तुम्हाला नेमकं?"

"मला तूप नको, कुकर नको. मला तेच विरजण पाहिजे. ह्याच खात्यातलं. चूक तुमची आहे, तर जे बिघडवलंत तेच परत द्या."

"ते आता नव्यानंच काढावं लागेल, काकू, आणि त्याला आधी ओळख पटवायला खातेदाराची लाळ लागते. पट्टीवर जीभ टेकवायची, बस्स. काकांना घेऊन येता का?"

हर्षदाबाईंनी पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला. "त्यांना बरं नाही. जिना उतरवत नाही."

"मग मीच येते घरी. इथंच तर राहता तुम्ही."

"नको," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "ते झोपलेत."

सायमा त्यांच्याकडे बघत राहिली. बिनकुंकवाचं कपाळ, मनगटात सैल पडलेलं घड्याळ, मांडीवर घट्ट धरलेला नासक्या दह्याचा डबा. तिनं उठून दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "काकू, काका कधी गेले?"

बस्स. इतके महिने धरून ठेवलेलं सगळं त्या एका प्रश्नानं फुटलं. हर्षदाबाई रडल्या, अगदी पदर तोंडात कोंबून रडल्या. सायमानं त्यांना रडू दिलं. मधे एकदा पाठीवर हात ठेवला, तेवढाच.

"बंद कर खातं," शेवटी हर्षदाबाई म्हणाल्या. "कायदा आहे, मला माहीत आहे. पण त्याआधी एक पुडी दे. शेवटची. मी कुणाला सांगणार नाही, माझी शपथ."

"असती तर दिली असती हो," सायमा म्हणाली, आणि तिचाही आवाज ओला झाला. "नोकरी गेली असती तरी दिली असती. पण नाहीच आहे. बाहेरची गर्दी बघितली ना? सगळ्यांचं एकच रडगाणं आहे."

मग तिनं समजावून सांगितलं. जिवाणूंनासुद्धा रोग होतो. त्यांना मारणारे विषाणू असतात, त्यांना फाज म्हणतात. दह्याच्या कारखान्यात शिरले की टाक्याच्या टाक्या आडव्या करतात. एरवी एक फाज एकाच जातीच्या जिवाणूला धरतो, बाकीचे वाचतात. "पण आम्ही शहाण्यांनी काय केलं? सगळ्यांच्या विरजणाला एकाच बनावटीचं कुलूप घातलं. ह्या फाजनं कुलूपच धरलं. एका रात्रीत अख्खं शीतगृह गेलं, काकू. हजारो माणसांची मूळ विरजणं एका खोलीत शेजारी शेजारी मांडून ठेवली होती आम्ही. एकही वाचलं नाही."

"एकही नाही?"

"तुमच्या घरी जुनं काही नाही का? वाटीला लागलेलं, अगदी नखाएवढं?"

"मी भांडी उकळते," हर्षदाबाई म्हणाल्या.

सायमानं पेला पुन्हा भरून त्यांच्यापुढे ठेवला. तेवढं सोडून दुकान सगळं द्यायला तयार होतं, आणि नेमकं तेवढंच हर्षदाबाईंना हवं होतं. जाताना त्यांनी तक्रार मागे घेतली नाही. पडद्यावर 'तक्रार मिटली का?' हा प्रश्न तसाच लुकलुकत राहिला.

घरी येऊन त्या गॅलरीतल्या खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. स्वयंपाक नाही, पाणी नाही. जयवंतराव गेले तेव्हा माणसांची रीघ होती, कामं होती, दहावा-तेरावा होता. आज कुणी आलं नव्हतं, आणि आज ते खरे गेले होते. समोर भडंगाचा अर्धा पुडा होता. त्यांनी एक घास तोंडात टाकला आणि तो त्यांना नुसता भुशासारखा लागला.

उन्हं कलती झाली तशी बेल वाजली. तळमजल्यावरची पद्मजा चौगुले. हातात ताट, ताटावर रुमाल.

"वहिनी, सकाळपासून तुमच्या घरात भांड्याचा आवाज नाही. म्हटलं बघावं तरी. थालीपीठ आणलंय. गरम आहे तोवर खा, नाहीतर मी इथनं हलणार नाही."

हर्षदाबाईंना वाद घालायचंही त्राण नव्हतं. त्यांनी ताट घेतलं. थालीपिठाचा तुकडा मोडला, कडेच्या वाटीतल्या दह्यात बुडवला आणि तोंडात टाकला.

आणि त्यांचा हात तसाच राहिला.

आधी गोडसर. मग जिभेच्या कडेला किंचित आंबट. आणि गिळल्यावर मागे राहणारा तो लोणकढ्या तुपासारखा वास. त्यांनी थालीपीठ बाजूला सारलं, वाटी उचलली आणि नुसतं दही बोटानं चाटून पाहिलं. पुन्हा एकदा. त्यांचे डोळे भरून आले.

"पद्मजा, हे दही कुठलं?"

"घरचंच की."

"विरजण कुठलं?"

पद्मजाचा चेहरा पडला. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. "आधी रागावणार नाही म्हणा."

"अगं बोल ना बाई, जीव टांगणीला लावू नकोस!"

"भाऊंनी दिलेलं आहे," पद्मजा म्हणाली. "माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या ना, त्यांना अन्न जात नव्हतं, तेव्हा. भाऊ पेपरच्या घडीत वाटी लपवून खाली आले. म्हणाले, आजींना हे देऊन बघ, पण हर्षदाला कळू देऊ नको, ती मला जिन्यातच उकळेल."

"त्यांनी कान पकडले होते माझ्यासमोर!"

"ते आम्हालाही सांगायचे, कान पकडून दाखवायचे आणि मग वाटी पुढं करायचे," पद्मजा हसू दाबत म्हणाली. "पहिल्यांदा तीन-चारदा लागलं आणि बंद पडलं. मग भाऊंनी परत दिलं. परत बंद पडलं. असं कितीदा तरी. आणि मग एकदा जे लागलं, ते लागतच गेलं. आजवर थांबलं नाही बघा. मी वर बिराजदारांना दिलं, त्यांनी समोरच्यांना. माझं संपलं की मी त्यांच्याकडनं आणते, त्यांचं बिघडलं की ते माझ्याकडनं. अख्ख्या जिन्यात तेच दही आहे, वहिनी. तुम्ही कुणाकडं आलात की आम्ही पटकन वाटी झाकतो. भाऊ गेल्यावर मी सांगणार होते, पण भीती वाटली, तुम्ही सगळ्यांना टाकून द्यायला लावाल."

हर्षदाबाईंना एकदम हसू फुटलं. त्या हसल्या, खो खो हसल्या, आणि हसता हसताच रडायला लागल्या. लबाड माणूस! एवढ्या वर्षांत एक खोटं बोलला नाही आणि बोलला तो दह्यासाठी. पद्मजाला काय करावं कळेना. ती घाबरून म्हणाली, "टाकून देऊ का, वहिनी?"

"खबरदार वाटीला हात लावशील तर," हर्षदाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी उरलेलं दही मन लावून संपवलं. तळाशी एक चमचा मात्र राखला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पातेली न उकळता नुसती विसळून घेतली आणि तो चमचा तिच्यात कोमट दुधात कालवला.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा 'भरभराट'मध्ये गेल्या. बरोबर डबा होता, पण आज त्यातलं दही घट्ट, चमचा उभा राहील असं. सायमानं ते पाहिलं, ऐकलं, आणि तिच्या डोळ्यांत शाळेतल्या पोरीसारखी चमक आली.

"असं होतं, काकू! आम्हाला पुस्तकात होतं हे. एका वाटीत कोट्यवधी जिवाणू. वाढताना एखाद्याच्या बाबतीत चूक होते, कुलूप निखळून पडतं. पुडी असली की त्याला कुणी विचारत नाही, सगळेच वाढत असतात. पण नुसत्या दुधावर बाकीचे थकतात, आणि तो बिनकुलुपाचा एकटा फोफावतो. काकांनी पुन्हा पुन्हा दिलं म्हणून ती चूक घडायला वाव मिळाला. आणि कुलूपच नाही, तर फाज धरणार कशाला?"

"म्हणजे हे त्यांचंच आहे?"

सायमा थबकली. "यंत्रात एक थेंब टाकला तर कळेल. काकांच्या नोंदीशी ताडून बघता येईल. पण काकू, थेंब टाकला की नोंद होणार. नोंद झाली की नियम लागणार. उद्या माणसं येतील आणि तुमच्या जिन्यातल्या घराघरातनं दही उचलून नेतील." तिनं पुन्हा डब्यात डोकावून पाहिलं. "आणि खरं सांगू? शंभर टक्के जुळणारही नाही. किती घरांचं दूध, किती हात लागलेत त्याला. थोडं काकांचं, थोडं चौगुल्यांचं, थोडं बिराजदारांचं."

हर्षदाबाईंनी चमचा भरून घेतला होता. यंत्राच्या खाचेवर तो धरून त्या उभ्या राहिल्या. एक थेंब, की कळलं असतं. खात्री झाली असती. जन्मभर त्यांनी सगळं तपासूनच घेतलं होतं: ताप मोजून, औषधाची बाटली दोनदा वाचून, सुई उजेडात धरून. जयवंतरावांचे शेवटचे ठोकेसुद्धा त्यांनी मनगट धरून स्वतःच मोजले होते.

"ते होतेच तसे," त्या म्हणाल्या. "थोडे घरात आणि बाकीचे जिन्यात. मीच त्यांना अख्खं घरात ठेवायला बघत होते." आणि त्यांनी चमचा परत डब्यात टाकून झाकण लावलं.

मग त्या यंत्राकडे वळल्या. यंत्र म्हणालं, "नमस्कार जयवंतजी! आज कसं वाटतंय?"

"मी जयवंत नाही. त्यांची बायको हर्षदा. ते गेले. गेल्या उन्हाळ्यातच गेले, मी कळवलं नव्हतं. त्यांचं खातं बंद करायचं आहे." हे सगळं त्या एका दमात बोलल्या. मागच्या रांगेतली कुजबुज थांबली.

यंत्रानं दुःख व्यक्त केलं, त्याला शिकवलं होतं तसं. मग विचारलं, "तक्रार मिटली का?"

"मिटली."

"भरपाई मिळाली का?"

"मिळाली," हर्षदाबाई म्हणाल्या.

त्या निघाल्या तशी सायमा दारापर्यंत आली आणि तिथंच घुटमळली. "काकू, माझ्या अब्बांचंही त्याच शीतगृहात होतं. ते आहेत, बरे आहेत तसे. पण दोन दिवस झाले, ताटावरनं तसेच उठतात. मला खरं तर हे विचारायलाच नको. नियम मीच सांगते सगळ्यांना."

हर्षदाबाईंनी पुढचं ऐकूनच घेतलं नाही. "तुझा जेवणाचा डबा आण इकडे," त्या म्हणाल्या. सायमानं इकडे तिकडे पाहिलं, छातीवरची नावाची पट्टी काढून खिशात टाकली आणि डब्याचं झाकण पुढे धरलं. त्यावर हर्षदाबाईंनी एक मोठा चमचा दही वाढलं. "कोमट दुधात लाव. फार गरम नको. आणि नाही लागलं तर परत ये, आमच्या जिन्यात कुणाकडे ना कुणाकडे असतंच."

त्यानंतरच्या सकाळी त्यांनी पातेलीवरचं झाकण काढलं. दही लागलं होतं. कवडीसारखं, पांढरंशुभ्र. त्या नुसत्या बघत उभ्या राहिल्या. मग त्यांना पद्मजाची वाटी आठवली. शेजाऱ्याची वाटी रिकामी कशी परत करायची? त्यांनी ती काठोकाठ भरली आणि पायांत चपला सरकवल्या.

जिन्याच्या वळणावर पद्मजाच वर येताना भेटली. हातात दुसरी रिकामी वाटी. हर्षदाबाईंना पाहताच सवयीनं तिनं ती पदराआड लपवली, मग तिचं तिलाच हसू आलं.

"आमचं रात्री आंबट झालं हो, वहिनी. मी बिराजदारांकडे निघाले होते."

"त्यांच्याकडे कशाला? मी देते की." हर्षदाबाईंनी भरली वाटी तिच्या हातात ठेवली.

पद्मजानं डोळे मोठे केले. "अहो, पण वहिनी, डब्यावर लिहिलंय ना, विरजण कुणालाही देऊ नये म्हणून?"

"लिहिलंय," हर्षदाबाई म्हणाल्या. "डब्यावर लिहिणाऱ्याला आपला जिना ठाऊक आहे का?"

आणि दुसरी वाटी भरून आणायला त्या पुन्हा जिना चढू लागल्या.